सिस्टीमचा पायथन, प्रकल्पाचा पायथन: एका जँगो प्रकल्पाच्या मांडणीचं प्रकरण

काम तसं किरकोळ होतं. एका संस्थेला अंतर्गत वापरासाठी वेब अ‍ॅप्लिकेशन हवं होतं. साहित्याची नोंद, कोणी काय नेलं, कधी परत केलं, एवढंच. पायथनमधलं वेब फ्रेमवर्क जँगो, डेटाबेस पोस्टग्रेस, हे आधीच ठरलेलं. टीममध्ये तीन डेव्हलपर: दोघांकडे उबुंटू, एकाकडे विंडोज. सर्व्हर एकच, आणि त्यावर आधीपासून एक जुनं, फ्लास्क या दुसऱ्या पायथन फ्रेमवर्कवरचं अ‍ॅप्लिकेशन चालत होतं. मला बोलावलं होतं नव्या प्रकल्पाची मांडणी करून द्यायला. प्रत्यक्षात आधी शोधावं लागलं की जुनं अ‍ॅप्लिकेशन अचानक का झोपलं. त्याचं उत्तर सापडलं आणि नव्याची निम्मी मांडणी तिथेच ठरली, म्हणून सुरुवात तिथून करतो.

जुना सर्व्हर डेबियन ११ चा, म्हणजे त्यात पायथन ३.९. फ्लास्क २.२.२ थेट सिस्टीमच्या पायथनमध्ये 'सुडो पिप'ने (पिप म्हणजे पायथनची पॅकेजेस बसवणारं साधन, सुडो म्हणजे प्रशासकाच्या अधिकाराने) बसवलेलं. रिक्वायरमेंट्सच्या फाइलमध्ये एकच ओळ, फ्लास्क आणि त्याची आवृत्ती. नव्या प्रकल्पाची चाचपणी करताना कोणीतरी त्याच सर्व्हरवर, त्याच पायथनमध्ये जँगो-एक्स्टेंशन्स आणि त्याच्या 'रनसर्व्हर प्लस'साठी लागणारं वर्कझॉइग (फ्लास्कही याच लायब्ररीवर उभं आहे) बसवलं, तेही 'अपग्रेड' पर्याय देऊन. सगळं सुरळीत चालू राहिलं. बऱ्याच दिवसांनी कर्नल अपडेट झाला, सर्व्हर रीबूट झाला आणि फ्लास्क अ‍ॅप्लिकेशन उठेचना. लॉगमध्ये इम्पोर्ट एरर: 'वर्कझॉइग डॉट यूआरएल्स'मध्ये 'यूआरएल कोट' नावाचं फंक्शन सापडत नाही.

साहजिकच सगळ्यांनी आधी कर्नलवर संशय घेतला, मग एन्जिनएक्स या वेब सर्व्हरच्या कॉन्फिगवर. खरी गोष्ट वेगळी होती. फ्लास्क २.२.२ च्या मेटाडेटामध्ये वर्कझॉइगची अट 'किमान २.२.२' एवढीच आहे, वरची मर्यादा नाही. वर्कझॉइग ३.० आलं ३० सप्टेंबर २०२३ ला, आणि आधी डेप्रिकेट केलेली, म्हणजे पुढे काढणार असं जाहीर केलेली, बरीच फंक्शन्स त्यात काढून टाकली होती. 'यूआरएल कोट' त्यातलंच एक. फ्लास्क ३.० त्याच दिवशी आलं, पण ते इथे कोणी घेतलं नव्हतं. पिपच्या हिशेबाने ३.० हे २.२.२ पेक्षा मोठं, म्हणजे अट पूर्ण. त्यामुळे इन्स्टॉल करताना एकही इशारा आला नाही, आणि नंतर 'पिप चेक' चालवून पाहिलं तरी त्याने कुठेही काही तुटलेलं नाही असंच सांगितलं.

मग लगेच का नाही मोडलं? चालू प्रोसेसने आपली मॉड्यूल्स सुरू होतानाच मेमरीत घेतलेली असतात. डिस्कवरच्या फाइल्स बदलल्या म्हणून तिला फरक पडत नाही, रीस्टार्ट होईपर्यंत. कारण एका दिवशी घडलं, परिणाम भलत्याच दिवशी दिसला, आणि मधल्या काळात घडलेल्या कर्नल अपडेटवर नाहक आळ आला. सामाईक पायथनचा खरा जाच मला इथे वाटतो. मोडतोड होते हे ठीक आहे, पण ती कोणी केली हे शोधायला धागाच उरत नाही.

तात्पुरता उपाय म्हणून वर्कझॉइग २.२.३ वर मागे नेलं आणि जुनं अ‍ॅप्लिकेशन उभं राहिलं. टीममधल्या एकाने विचारलं, "मग आता हाच आकडा फाइलमध्ये लिहून टाकू, झालं काम?" जुन्याचं काम झालं असतं. पण त्याच पायथनमध्ये जँगो, त्याच्या लायब्ररी, उद्या येणारं तिसरं काहीतरी, या सगळ्यांचं एकमत व्हायला हवं होतं. शिवाय तो पायथन मुळात आपला नव्हताच. डेबियनची स्वतःची कितीतरी साधनं त्याच पायथनवर चालतात. सुडो पिपने बसवलेली पॅकेजेस 'यूएसआर लोकल'खाली जातात, आणि पायथन मॉड्यूल शोधताना ती जागा एप्टने, म्हणजे डेबियनच्या स्वतःच्या पॅकेज साधनाने, बसवलेल्या पॅकेजेसच्या आधी बघतो. म्हणजे आपण एखाद्या लायब्ररीची नवी आवृत्ती घेतली की सिस्टीमच्या साधनांनाही नकळत तीच मिळते.

नवा सर्व्हर घ्यायचाच होता, तो डेबियन १२ चा घेतला, पायथन ३.११ सकट. तिथे सवयीने कोणीतरी पिप इन्स्टॉल मारलं आणि नकार आला: हे एन्व्हायर्नमेंट बाहेरून सांभाळलं जातं. ही पेप ६६८ ची करामत (पेप म्हणजे पायथनमधल्या बदलांचा प्रस्ताव-दस्तऐवज). डिस्ट्रिब्यूशनने आपल्या पायथनच्या डिरेक्टरीत एक खूणफाइल ठेवायची, आणि ती दिसली की पिपने तिथे हात लावायचा नाही. पिपमध्ये हे जानेवारी २०२३ च्या २३.० आवृत्तीपासून आलं, आणि त्याच वर्षी जूनमध्ये आलेल्या डेबियन १२ ने ती खूण लावली. नकार डावलायचा पर्यायही आहे, त्याचं नावच 'ब्रेक सिस्टीम पॅकेजेस' असं ठेवलंय. नाव इतकं स्पष्ट असूनही लोक तो पर्याय शोधून काढतात आणि बिनधास्त चिकटवतात. इथेही एकाने तो टॅब उघडून ठेवलाच होता.

आता व्हेन्व, म्हणजे व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट: प्रत्येक प्रकल्पाची पॅकेजेस ठेवायची त्याची स्वतंत्र जागा. कल्पना जुनी आहे. इयन बिकिंगने व्हर्च्युअलएन्व २००७ मध्ये आणलं, पुढे पेप ४०५ मधून तीच कल्पना २०१२ च्या पायथन ३.३ मध्ये व्हेन्व या नावाने भाषेबरोबरच आली. ३.४ पासून नव्या एन्व्हायर्नमेंटमध्ये पिपही आपोआप येतो. 'पायथनबरोबरच येतं' याला डेबियनवर मात्र एक मेख आहे: तिथे हा भाग वेगळ्या पॅकेजमध्ये ठेवलाय. ते नसलं तर 'एन्शुअरपिप उपलब्ध नाही' अशी तक्रार येते आणि अर्धवट डिरेक्टरी तशीच पडून राहते. एप्टने 'पायथन३-व्हेन्व' बसवायचं, ती अर्धवट डिरेक्टरी पुसायची, पुन्हा करायचं. यावर जास्त वेळ घालवण्यासारखं काही नाही.

वेळ घालवला तो व्हेन्व आतून काय आहे हे टीमला दाखवण्यात, कारण पुढचे बहुतेक घोळ तिथून निघतात. प्रकल्पाच्या डिरेक्टरीत '.व्हेन्व' नावाची डिरेक्टरी तयार केली आणि ती उघडून दाखवली. आत 'बिन', 'लिब', आणि 'पायव्हेन्व.सीएफजी' नावाची चार-पाच ओळींची मजकूर फाइल. बिनमधला पायथन ही प्रत नव्हे, ती सिस्टीमच्या पायथनकडे बोट दाखवणारी सिमलिंक आहे. मग वेगळेपण येतं कुठून? पायथन सुरू होताना ज्या वाटेने त्याला बोलावलं त्या जागी, किंवा एक पायरी वर, ही सीएफजी फाइल आहे का ते बघतो. असली तर स्वतःचा 'प्रीफिक्स' त्या डिरेक्टरीवर नेतो आणि पॅकेजेस तिथल्या 'लिब'खालच्या 'साइट-पॅकेजेस'मधून उचलतो. स्टँडर्ड लायब्ररी मात्र मूळ पायथनचीच वापरतो, तिचा पत्ता सीएफजीतल्या 'होम' ओळीवरून मिळतो. आपण व्हेन्वमध्ये आहोत की नाही हे पायथनलाच विचारायचं असेल तर 'सिस' मॉड्यूलमधले 'प्रीफिक्स' आणि 'बेस प्रीफिक्स' छापून बघायचे. दोन्ही सारखे आले तर आपण बाहेर आहोत.

हे बघितल्यावर 'ॲक्टिव्हेट'चा दरारा उतरतो. ती स्क्रिप्ट शेलच्या 'पाथ'मध्ये (प्रोग्राम शोधायच्या जागांची यादी) '.व्हेन्व'चं बिन सगळ्यात पुढे लावते, एक-दोन व्हेरिएबल ठेवते आणि प्रॉम्प्टवर कंसात नाव दाखवते. संपलं. म्हणजे ॲक्टिव्हेट न करता '.व्हेन्व/बिन/पायथन' असा पूर्ण पत्ता दिला तरी एन्व्हायर्नमेंट शंभर टक्के लागू होतं. आणि उलट, ॲक्टिव्हेट केलेलं असूनही ते सुटू शकतं. ॲक्टिव्हेट करून कोणी 'सुडो पिप' म्हटलं तर डेबियनवर सुडो आपला ठरलेला सुरक्षित पाथ वापरतं, आणि हुकूम सरळ सिस्टीमच्या पिपकडे जातो. प्रॉम्प्टवर कंसातलं नाव मात्र तसंच मिरवत असतं. म्हणून टीमसाठी नियम केला: पिप सुटा कधीच म्हणायचा नाही. 'पायथन -एम पिप' असंच म्हणायचं, म्हणजे ज्या पायथनला हाक मारली त्याच्याच घरात पॅकेज जाईल.

विंडोजवाल्या सहकाऱ्याला याचा सगळ्यात जास्त उपयोग झाला. तिथे बिनऐवजी 'स्क्रिप्ट्स' डिरेक्टरी असते, आणि पॉवरशेलने ॲक्टिव्हेटची स्क्रिप्ट चालवायलाच मनाई केली होती. एक्झिक्युशन पॉलिसी 'रिमोट साइन्ड' करता येते, पण त्याच्या लॅपटॉपवर ती बदलायची परवानगी नव्हती. त्याने एडिटरमध्ये इंटरप्रिटर म्हणून '.व्हेन्व' मधला पायथन निवडला, टर्मिनलमध्ये पूर्ण पत्ता वापरला आणि ॲक्टिव्हेट न करताच काम सुरू केलं.

पुढचा प्रसंग मासलेवाईक आहे. सर्व्हरवरचं इंटरनेट काही ठिकाणीच उघडं होतं, परवानगी मिळायला वेळ लागत होता. तेवढ्यात एका डेव्हलपरने आपल्या लॅपटॉपवरची '.व्हेन्व' झिप करून सर्व्हरवर नेऊन उघडली. परिणाम दुहेरी झाला. 'पायथन' चालला, पण त्याला जँगो सापडेना. 'पिप' तर चालेचना, शेल म्हणे फाइल नाही, आणि फाइल तर डोळ्यांसमोर दिसत होती. दोन्हींची कारणं वेगळी. उबुंटू २४.०४ वर पायथन ३.१२ असतो, त्यामुळे पॅकेजेस 'लिब/पायथन३.१२' मध्ये होती. सर्व्हरवर सिमलिंकच्या टोकाला ३.११ भेटला, आणि तो '३.११' नावाच्या डिरेक्टरीत शोधत राहिला. पिप ही एक छोटी स्क्रिप्ट असते आणि तिच्या पहिल्या ओळीत, शेबँगमध्ये, एन्व्हायर्नमेंट तयार झालं तेव्हाचा पायथनचा पूर्ण पत्ता कोरलेला असतो. तो लॅपटॉपवरच्या होम डिरेक्टरीचा होता. शेलला न सापडणारी फाइल पिप नव्हती, त्या पहिल्या ओळीतला पायथन होता. त्याच लॅपटॉपवर प्रकल्पाच्या डिरेक्टरीचं नुसतं नाव बदललं तरी हेच होतं.

यावरून ठरवलं की '.व्हेन्व' कुठेही न्यायची नाही, गिटमध्ये टाकायची नाही, तिच्यात हाताने काही लिहायचं नाही. शेवटचं कलम का? एकाने डेटाबेसचा पासवर्ड 'ॲक्टिव्हेट' स्क्रिप्टच्या शेवटी एक्स्पोर्ट करून ठेवला होता. सोयीचं वाटतं खरं, पण डिरेक्टरी पुसली की पासवर्डही गेला, आणि मग ती पुसायला माणूस कचरतो. जे एन्व्हायर्नमेंट पुसायची भीती वाटते ते बिघडलेलंच समजावं, असं माझं मत आहे. पासवर्ड आणि 'सीक्रेट की' वेगळ्या फाइलमध्ये गेल्या, गिटच्या बाहेर. सर्व्हरवर ती फाइल फक्त सर्व्हिसच्या युजरला वाचता येईल अशी ठेवली आणि सर्व्हिस चालू ठेवणाऱ्या सिस्टीमडीच्या 'एन्व्हायर्नमेंट फाइल' ओळीतून दिली. पायथन ३.१३ पासून व्हेन्व स्वतःच्या पोटात एक गिटइग्नोर फाइल टाकून घेतं, पण आपण ३.११ वर होतो, तेव्हा ती ओळ हाताने लिहिली.

३.११ का, यावर थोडी वादावादी झाली. लॅपटॉपवर ३.१२ आहे, सर्व्हरवरही तोच चढवू, असा एक सूर होता. डेबियन १२ वर ३.१२ आणायचा तर सोर्समधून बांधा किंवा बाहेरून आणा, आणि त्याचे सुरक्षा-अपडेट स्वतः सांभाळा. सांभाळणारं कोणी नव्हतं. जँगो ५.२ ला पायथन ३.१० पासून पुढचा चालतो, ३.११ त्यात आरामात बसतो. म्हणून सर्व्हरचा आकडा प्रमाण धरला आणि लॅपटॉप खाली आणले. विंडोजवर ३.११ चा इन्स्टॉलर चालवून 'पीवाय' लाँचरला -३.११ म्हणता येतं. उबुंटूवर यूव्ही वापरलं. अ‍ॅस्ट्रल कंपनीचं हे साधन फेब्रुवारी २०२४ मध्ये आलं, आणि ते हव्या त्या आवृत्तीचा तयार पायथन उतरवून त्यावर एन्व्हायर्नमेंट करून देतं.

इथे एक गंमत झाली, ती सांगायलाच हवी. यूव्हीने केलेल्या एन्व्हायर्नमेंटमध्ये पिप नसतो, 'सीड' पर्याय दिला तरच येतो. एका डेव्हलपरने ॲक्टिव्हेट करून सवयीने सुटा 'पिप इन्स्टॉल' मारला. '.व्हेन्व/बिन' मध्ये पिप नाही म्हटल्यावर शेल पाथमध्ये पुढे गेलं, त्याला सिस्टीमचा पिप मिळाला, आणि त्याने पेप ६६८ चा नकार दिला. बिचारा म्हणाला, "अरे, मी आतच आहे, तरी हा मला बाहेरचा का म्हणतोय?" 'पायथन -एम पिप' म्हटलं असतं तर सरळ 'पिप नावाचं मॉड्यूल नाही' असं उत्तर आलं असतं.

आता यादी. व्हेन्वपेक्षा मला ही महत्त्वाची वाटते, आणि बहुतेक ठिकाणी हिच्याकडेच दुर्लक्ष होतं. जुन्या अ‍ॅप्लिकेशनच्या यादीत एकच नाव होतं, आणि खाली कोसळलेलं पॅकेज यादीत नसलेलं होतं. दुसऱ्या टोकाला 'पिप फ्रीझ'. ते जे काही बसलंय ते सगळं ओतून देतं, पण त्यातलं आपण मागितलेलं कोणतं आणि पाठोपाठ आलेलं कोणतं हे सांगत नाही. वर्षभराने एखादं पॅकेज काढायचं म्हटलं की कोणाला धक्का लागेल ते कळत नाही.

म्हणून दोन फाइल्स. पहिली माणसाने लिहायची: जँगो, सायकॉपजी (पोस्टग्रेसशी बोलणारं पॅकेज), जीयुनिकॉर्न (सर्व्हरवर जँगो चालवणारा प्रोग्राम), बस. जँगोपुढे '~=५.२.०' अशी अट, म्हणजे ५.२ मधल्या दुरुस्त्या येऊ देत पण त्यापुढची मालिका नको. ५.२ निवडायचं कारण ते दीर्घ मुदतीचं आहे: एप्रिल २०२५ मध्ये आलं आणि एप्रिल २०२८ पर्यंत त्याला सुरक्षा-दुरुस्त्या मिळणार आहेत. दुसरी फाइल यंत्राने लिहायची. तिच्यात प्रत्येक पॅकेजची नेमकी आवृत्ती, कोणामुळे आलं त्याची टीप, आणि फाइलचा हॅश, म्हणजे तिच्या मजकुरावरून काढलेला ठसा. पिपला हॅश सक्तीचे करून इन्स्टॉल केलं की उतरवलेली फाइल एका अक्षरानेही वेगळी असली तर पिप थांबतो.

पहिल्यांदा ही दुसरी फाइल लिनक्सवर 'पिप-टूल्स'ने बनवली. सर्व्हरवर झकास चालली, विंडोजवर अडली. कारण जँगो विंडोजवर 'टीझेडडेटा' नावाचं एक जास्तीचं पॅकेज मागतं. टाइम झोनची माहिती लिनक्सवर सिस्टीमकडे असते, विंडोजवर नसते. लिनक्सवर बनलेल्या यादीत ते नव्हतं, आणि हॅश-सक्तीमध्ये यादीबाहेरचं एकही पॅकेज पिप घेत नाही. उलट बाजूने, यादी विंडोजवर बनवली असती तर विंडोजपुरती लागणारी पॅकेजेस सर्व्हरच्या माथी बसली असती. यूव्हीच्या 'पिप कंपाइल'ला 'युनिव्हर्सल' असा पर्याय आहे. तो दिला की दोन्हीकडची नावं एकाच यादीत येतात आणि टीझेडडेटाच्या ओळीपुढे 'फक्त विंडोजवर' अशी अट लागते. तो घेतला. सर्व्हरवर इन्स्टॉल मात्र साध्या पिपनेच होतं, तिथे यूव्ही बसवायची गरज पडली नाही. जुन्या फ्लास्क अ‍ॅप्लिकेशनलाही हाच उपचार केला: नव्या सर्व्हरवर स्वतःची '.व्हेन्व', पहिल्या फाइलमध्ये वर्कझॉइगला ३ च्या खालीच राहण्याची अट, दुसरी फाइल यंत्राने बनवलेली.

पोएट्री (पॅकेजेस सांभाळणारं दुसरं साधन) का नाही, डॉकर (सिस्टीमच्या लायब्ररींसकट सगळं एका डब्यात बंद करणारं) का नाही, हे विचारलं गेलंच. पोएट्री चाललं असतं, तीन माणसांसाठी मला एवढं पुरेसं वाटलं. डॉकरचा मुद्दा जास्त रास्त होता, कारण व्हेन्व फक्त पायथनची पॅकेजेस वेगळी ठेवतं. पोस्टग्रेसशी बोलणारी 'लिबपीक्यू', सी कंपायलर, ओपनएसएसएल, हे सगळं त्याच्या कुंपणाबाहेर. सायकॉपजी ३ चं 'बायनरी' रूप घेतलं की त्याची लिबपीक्यू त्याच्याबरोबर येते, लॅपटॉपवर तेच ठेवलं. सर्व्हरवर सिस्टीमच्या लिबपीक्यूवर बांधलेलं 'सी' रूप घेतलं, त्यासाठी कंपायलर, पायथनच्या हेडर फाइल्स आणि 'लिबपीक्यू-डेव्ह' एप्टने बसवावे लागले. या तीन नावांची यादी रीडमीमध्ये लिहिली, कारण ती पिपच्या कोणत्याच फाइलमध्ये येऊ शकत नाही. यादी तिनाची तेरा झाली असती तर मीही डॉकरच्या बाजूने बोललो असतो.

जँगो सुरू करताना दोनच गोष्टींवर अडून बसलो. एक, 'स्टार्टप्रोजेक्ट' म्हणताना शेवटी टिंब द्यायचं, नाहीतर डिरेक्टरीत डिरेक्टरी होते आणि 'मॅनेज.पीवाय' एक पायरी खाली जाऊन बसतं. दुसरी जास्त गंभीर: पहिलं 'मायग्रेट' (डेटाबेसमध्ये टेबलं करणारा हुकूम) चालवण्याआधी स्वतःचं युजर मॉडेल करून सेटिंगमध्ये नोंदवायचं, भले त्यात आज एकही जास्तीचं फील्ड नसो. नंतर बदलायचं म्हटलं तर फॉरेन की (टेबलांमधले दुवे) आणि मायग्रेशनचा इतिहास दोन्ही हाताने उसवावे लागतात. बाकीच्या सेटिंग्जवर इथे काही लिहीत नाही, त्या प्रत्येकाच्या वेगळ्या.

सर्व्हरवर सिस्टीमडीच्या युनिट फाइलमध्ये आधी एका डेव्हलपरने बॅश सुरू करून, ॲक्टिव्हेट सोर्स करून, मग जीयुनिकॉर्न असा लांबलचक हुकूम लिहिला होता. तो काढून 'एक्झेकस्टार्ट'मध्ये '.व्हेन्व/बिन/जीयुनिकॉर्न'चा पूर्ण पत्ता आणि पुढे 'कॉन्फिग.डब्ल्यूएसजीआय' एवढंच ठेवलं. जीयुनिकॉर्नच्या शेबँगमध्ये त्या एन्व्हायर्नमेंटचा पायथन आधीच कोरलेला आहे, तेव्हा वेगळं ॲक्टिव्हेट करायला काही उरतच नाही. जो शेबँग झिपच्या प्रसंगात आडवा आला तोच इथे कामी येतो. ठरल्या वेळी कामं चालवणाऱ्या क्रॉनमध्येही तसंच, 'मॅनेज.पीवाय'च्या आधी पायथनचा पूर्ण पत्ता. विंडोजवर जीयुनिकॉर्न इन्स्टॉल होतं पण चालत नाही, त्याला युनिक्सचं 'एफसीएनटीएल' मॉड्यूल लागतं. त्या सहकाऱ्याला जँगोचा 'रनसर्व्हर' पुरे होता.

मग रंगीत तालीम. रिकाम्या डिरेक्टरीत गिट क्लोन, नवी '.व्हेन्व', यादीतून इन्स्टॉल, 'मॅनेज.पीवाय चेक'. पहिल्याच फेरीत चेक थांबला, 'फील्ड्स.ई२१०': पिलो (चित्रं हाताळणारी लायब्ररी) बसवलेलं नाही म्हणून इमेजफील्ड वापरता येत नाही. साहित्याच्या फोटोंसाठी एका डेव्हलपरने ते फील्ड टाकलं होतं आणि पिलो आपल्या लॅपटॉपवर हाताने बसवलं होतं. त्याच्याकडे महिनोन् महिने चाललं असतं. पहिल्या फाइलमध्ये एक ओळ वाढली, दुसरी फाइल पुन्हा बनली. तेव्हापासून प्रत्येक बदलानंतर हीच तालीम आपोआप चालते, सोबत 'मेकमायग्रेशन्स'चा 'चेक' पर्याय, आणि सर्व्हरच्या सेटिंग्जवर 'चेक डिप्लॉय'.

डिप्लॉयही याच तालमीचं मोठं रूप केलं. प्रत्येक रिलीझची स्वतःची डिरेक्टरी आणि तिच्यात स्वतःची '.व्हेन्व', थेट अंतिम जागीच बांधलेली. ती पूर्ण उभी राहिली आणि चेक झाला की 'करंट' नावाची सिमलिंक तिच्याकडे वळवायची आणि सर्व्हिस रीस्टार्ट. चालू प्रोसेसच्या पायाखालच्या फाइल्स कधीच बदलत नाहीत. काही बिनसलं तर सिमलिंक मागे, रीस्टार्ट. मागच्या रिलीझची पॅकेजेस जशीच्या तशी तिथेच असतात. डेटाबेसचं मायग्रेशन मात्र सिमलिंकने मागे फिरत नाही, ते वेगळं सांभाळावं लागतं.

राहिला प्रश्न पुढच्या देखभालीचा. जँगोची सुरक्षा-दुरुस्ती आली की पहिल्या फाइलला हात लावायचा नाही. दुसरी फाइल फक्त जँगोपुरती पुढे सरकवून बनवायची, गिटमध्ये फरक वाचायचा, आणि त्यात न मागितलेलं काही हललं असेल तर का ते विचारायचं. सिस्टीमच्या मोठ्या अपग्रेडसाठी रीडमीमध्ये वेगळा परिच्छेद आहे. डेबियन १३ मध्ये पायथन ३.१३ आहे. अपग्रेड झाला की '.व्हेन्व' मधली सिमलिंक ३.१३ कडे बोट दाखवू लागेल, पॅकेजेस '३.११' च्या डिरेक्टरीत पडून राहतील आणि पुढच्या रीस्टार्टला जीयुनिकॉर्न स्वतःचंच मॉड्यूल सापडत नाही म्हणून थांबेल. म्हणून क्रम असा लिहिलाय: लॅपटॉपवर ३.१३ ची एन्व्हायर्नमेंट करून टेस्ट चालवायच्या, यादी ३.१३ साठी नव्याने कंपाइल करायची, सर्व्हर अपग्रेड करायचा, दोन्ही अ‍ॅप्लिकेशन्सच्या '.व्हेन्व' नव्याने बांधायच्या, आणि सर्व्हिस त्यानंतरच सुरू करायच्या. फ्लास्कच्या ओळीपुढे एक टीप जोडली आहे: ३.१३ वर आधी स्वतंत्र चाचणी, गरज पडली तर फ्लास्कच वर न्यायचं.